टोकाचा वाचक : विद्यापीठांमधील आज्ञावली-करारांचा इतिहास आणि कडेगाव

१

सांगली जिल्ह्यातील कडेगाव हे गाव मोहरमच्या उत्तुंग ताबुतांमुळे महाराष्ट्रास परिचित आहे. विद्यापीठे परस्परांस संगणकाच्या आज्ञावली, म्हणजे ज्यास व्यवहारात सॉफ्टवेअर म्हणतात ते, कोणत्या शर्तींवर देतात-घेतात याचा इतिहास सांगताना या गावाचे नाव आरंभी यावे, याचे काही वाचकांस नवल वाटेल. परंतु कोणत्याही वाटपाची खरी परीक्षा उगमापाशी होत नाही, टोकाशी होते. कृष्णेचे पाणी टेंभू येथे उचलून टप्प्याटप्प्याने कडेगाव, खानापूर, आटपाडी या दुष्काळी पट्ट्यात नेण्यात आले आहे. या भागातील शेतकऱ्यास पाणीवाटपाचा निवाडा वाचून दाखविण्याची गरज पडत नाही; कालव्याच्या टेलला पाणी पोहोचले की नाही, एवढ्यावरून तो निवाडा कसा झाला हे त्यास कळते. ज्ञानसाधनांच्या वाटपासही हीच कसोटी लावून पाहावी, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

कडेगाव पूर्वी खानापूर तालुक्यात मोडत असे. आता ते स्वतंत्र तालुक्याचे ठाणे आहे. हा मुलूख आधी सातारा जिल्ह्यात होता. १९४९ मध्ये त्याचा दक्षिण सातारा जिल्हा झाला व १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले. विद्यापीठाच्या बाबतीतही असेच स्थित्यंतर घडले. १८५७ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाच्या कक्षेतून हा प्रदेश १९४९ मध्ये नव्या पुणे विद्यापीठाकडे आला, आणि १८ नोव्हेंबर १९६२ रोजी कोल्हापूर येथे शिवाजी विद्यापीठ स्थापन झाल्यावर त्याच्या कक्षेत गेला. इतिहाससंशोधक डॉ. आप्पासाहेब पवार हे या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू. ज्यांच्या मुख्यमंत्रिपदाच्या काळात ते उभे राहिले ते यशवंतराव चव्हाण आजच्या कडेगाव तालुक्यातील देवराष्ट्रे या गावी जन्मले होते. विद्यापीठ खेड्याच्या जवळ यावे, ही त्या स्थापनेमागील एक स्पष्ट भूमिका होती. ते अंतराने जवळ आलेही. मात्र विद्यापीठाने इतर संस्थांशी केलेल्या करारांचे फळही त्याच वेगाने खेड्यातील महाविद्यालयापर्यंत आले काय, हा प्रश्न निराळा आहे. त्याचे उत्तर करारांच्या कलमांत शोधावे लागते.

२

एका संस्थेने दुसऱ्या संस्थेस आपले ज्ञानधन शर्तींवर वापरू द्यावे, ही पद्धत संगणकाबरोबर जन्मली असे मानण्याचे कारण नाही. आपल्या प्रदेशात तिचे एक थोर उदाहरण आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे कार्य हाती घेतले आणि १९६६ मध्ये ते पूर्णत्वास नेले. या कार्यास आर्थिक आधार देणाऱ्यांत औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी अग्रभागी होते. कडेगावच्या शेजारचे कुंडल हे गाव त्यांच्याच संस्थानात होते.

या आवृत्तीसाठी बाराशेहून अधिक हस्तलिखितांचा उपयोग करण्यात आला. ती निरनिराळ्या संस्थांच्या, मठांच्या व घराण्यांच्या मालकीची होती. काही पुण्यास उसनी आली. परंतु प्रत्येक पोथीने प्रवास करावा, असा आग्रह धरण्यात आला नाही. शांतिनिकेतन येथे विश्वभारतीत आणि तंजावर येथे सरस्वती महाल ग्रंथालयात पाठमेळणीची केंद्रे उघडण्यात आली, आणि तेथील पोथ्यांतील पाठांची नोंद तेथेच झाली. या व्यवहाराचे तत्त्व थोडक्यात सांगावयाचे तर, मूळ प्रत एकाची आणि पाठ सर्वांचे. पोथीचा धनी आपल्या धनास मुकला नाही, आणि छापून निघालेली संहिता कोणत्याही एका संस्थेच्या सदस्यांपुरती राखून ठेवली गेली नाही. ज्याच्या हाती ग्रंथ पडला तो वाचक पात्रच होता. त्याची पात्रता कोणी विचारली नाही.

ही गोष्ट येथे मुद्दाम नमूद केली, कारण पुढे आज्ञावलींच्या युगात नेमके हेच तत्त्व वादाचा विषय झाले. दिलेली वस्तू वापरण्यास पात्र कोण, ती उघडून पाहता येईल काय, आणि संबंध संपल्यावर घेणाऱ्याने आपल्याबरोबर काय न्यावे, असे ते तीन प्रश्न आहेत. किमतीचा प्रश्न अर्थातच असतो. परंतु किंमत एकदा देऊन संपते. हे तीन प्रश्न करार असेपर्यंत, आणि कित्येकदा त्यानंतरही, जिवंत राहतात.

३

प्रथम कायद्याची भूमी पाहू. भारताचा प्रतिलिप्यधिकार कायदा, ज्यास सामान्यतः कॉपीराइट कायदा म्हणतात, तो १९५७ चा आहे. त्यात १९८४ साली दुरुस्ती होऊन संगणकाच्या आज्ञावलीस वाङ्मयकृतीचे स्थान देण्यात आले. कादंबरी वा शब्दकोश यांना ज्या तत्त्वाने संरक्षण मिळते त्याच तत्त्वाने आज्ञावलीस ते मिळाले. याच कायद्याच्या तिसाव्या कलमानुसार हक्कधारक आपल्या हक्कातील काही अंश लेखी परवान्याने दुसऱ्यास देऊ शकतो.

येथे ग्रंथपालाच्या दृष्टीने एक मूलभूत भेद उत्पन्न होतो. ग्रंथालयाने विकत घेतलेली पुस्तकाची प्रत ग्रंथालयाची होते. ती वाचकास द्यावी, शेजारच्या महाविद्यालयास उसनी पाठवावी, जीर्ण झाल्यास पुन्हा बांधून घ्यावी, यासाठी प्रकाशकाची अनुज्ञा मागावी लागत नाही. आज्ञावलीच्या बाबतीत ग्रंथालयास बहुधा प्रत मिळत नाही, परवाना मिळतो. ती किती यंत्रांवर चालवावयाची, कोणी चालवावयाची, किती काळ चालवावयाची, हे सारे परवान्याचा कागद ठरवितो. पुस्तकाच्या खरेदीत जे अधिकार न मागता मिळत, ते आता वाटाघाटीने मागून घ्यावे लागतात. आणि जे मागितले नाही ते नाकारले गेले असे समजावे लागते. वाटाघाटीस जो बसला नाही, त्याच्यासाठी कोणी काही मागितले आहे की नाही, हे त्यास बहुधा उशिरानेच कळते.

४

विद्यापीठांमधील आज्ञावली-करारांच्या इतिहासातील सर्वांत बोधप्रद प्रकरण अमेरिकेतील आहे. बेल प्रयोगशाळेत १९६९ पासून युनिक्स ही संगणकाचा मूलभूत कारभार चालविणारी कार्यप्रणाली सिद्ध होत गेली. बेलची स्वामिनी असलेली ए टी अँड टी ही दूरध्वनी कंपनी १९५६ च्या न्यायालयीन तडजोडीने दूरसंचाराबाहेरच्या व्यापारापासून दूर ठेवली गेली होती. त्यामुळे युनिक्स तिने विद्यापीठांस अल्प शुल्कात, मूळ संहितेसह, परंतु कोणत्याही साहाय्याची हमी न देता दिली. मूळ संहिता म्हणजे आज्ञावलीचा माणसास वाचता येण्याजोगा पाठ. तो हाती असल्यामुळे विद्यापीठांत आज्ञावलीचे अध्ययन होऊ लागले, तीत सुधारणाही होऊ लागल्या.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेत १९७८ पासून अशा सुधारणांचे संच चुंबकीय फितींवर अन्य विद्यापीठांस पाठविण्यात येऊ लागले. मात्र यात एक अट होती. बर्कलीची फीत हवी असेल तर मागणाऱ्याजवळ ए टी अँड टीचा परवाना आधीच असला पाहिजे. दोन विद्यापीठांमधील देवघेव अशा रीतीने तिसऱ्याच्या अनुज्ञेवर अवलंबून राहिली. परवान्याच्या पोटात दुसरा परवाना, असे तिचे स्वरूप होते.

या अटीचा जाच अध्यापनासही झाला. ऑस्ट्रेलियातील न्यू साऊथ वेल्स विद्यापीठाचे अध्यापक जॉन लायन्स यांनी १९७७ मध्ये युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीच्या संहितेवर विद्यार्थ्यांसाठी टीका लिहिली. पुढे १९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या परवान्याने वर्गात संहिता शिकविण्यास मनाई केली. लायन्स यांची टीका छायाप्रतींच्या रूपाने हातोहात फिरत राहिली. ती राजरोस छापली गेली ती १९९६ मध्ये. ग्रंथावर भाष्य लिहावे, परंतु ते शिष्यास वाचून दाखवू नये, अशी ही अवस्था होती. आपल्या शास्त्रीपरंपरेतील माणसास ती विलक्षण वाटेल. परवान्यातील एक वाक्य अभ्यासक्रमाचे स्वरूप कसे पालटू शकते, याचे हे उदाहरण होय.

बर्कलीतील संशोधकांनी अखेरीस या अटीतून मार्ग काढला. ए टी अँड टीची संहिता ज्यात नाही असा संगणकजाल-विषयक भाग त्यांनी १९८९ मध्ये वेगळा केला आणि तो कोणीही वापरावा, बदलावा व पुढे द्यावा, अशा अत्यंत उदार शर्तींवर प्रसिद्ध केला. १९९१ मध्ये असाच दुसरा, कितीतरी मोठा संच निघाला. १९९२ मध्ये त्यावरून खटला उभा राहिला. त्यात विद्यापीठासही ओढण्यात आले, आणि आपल्या कामाचे श्रेय परवान्यानुसार दिले गेले नाही असा उलट दावा विद्यापीठानेही केला. १९९४ मध्ये समेट झाला, तेव्हा सुमारे अठरा हजार फाइलींपैकी केवळ तीन काढून टाकाव्या लागल्या. इतक्या मोठ्या वादाचे मूळ इतके लहान होते. परंतु शर्ती स्पष्ट नसल्यामुळे त्या तीन फाइलींनी उरलेल्या साऱ्यांना काही वर्षे संशयाच्या छायेत ठेवले.

विद्यापीठे एकत्र बसून स्वतःचे परवाने स्वतः लिहू शकतात, हेही पुढे दिसून आले. २००४ च्या सुमारास मिशिगन, इंडियाना, एमआयटी व स्टॅनफर्ड यांनी अध्यापनासाठी ‘साकाई’ नावाची सामाईक आज्ञावली विकसित करण्यास प्रारंभ केला. तेव्हा एकस्व, म्हणजे पेटंट, याविषयी अडचण उद्भवली. एका विभागातील प्राध्यापकाने दिलेल्या आज्ञावलीमुळे त्याच विद्यापीठाच्या दुसऱ्या विभागातील संशोधकाच्या पेटंटवरील हक्कही अभावितपणे दिला जाईल, अशी भीती होती. २००७ मध्ये सिद्ध झालेल्या शैक्षणिक समुदाय परवान्याच्या दुसऱ्या आवृत्तीने तीवर तोडगा काढला. ज्याने आज्ञावली लिहिली त्याच व्यक्तीच्या शोधांपुरतेच पेटंटचे अनुदान मर्यादित करण्यात आले. यावरून हे दिसते की, परवान्याचा मसुदा हा आकाशातून उतरलेला श्लोक नव्हे. घेणारे आणि देणारे एका पंक्तीस बसले तर त्यातील एखादे वाक्य बदलता येते.

५

आता आपल्याकडे वळू. भारतीय ग्रंथालयांत संगणकाचा शिरकाव होत असताना युनेस्कोने विकसित केलेली सीडीएस-आयसिस ही आज्ञावली अनेकांच्या उपयोगी पडली. तिची लहान संगणकांवर चालणारी आवृत्ती १९८५ मध्ये आली. तिचे भारतातील वितरण निसॅट या शासकीय योजनेमार्फत, परवानापत्रावर आणि नाममात्र खर्चात होत असे. तिचा एक विशेष असा की, तीतील ग्रंथनोंदी एका आंतरराष्ट्रीय विनिमय-मानकाच्या रूपात बाहेर काढता येत. ज्यांनी नोंदी केल्या त्यांना त्या दुसरीकडे नेण्याची वाट मोकळी होती. या साध्या सोयीचे महत्त्व पुढील भागात स्पष्ट होईल.

विद्यापीठ अनुदान आयोगाने १९९१ मध्ये ग्रंथालयांचे जाळे विणण्याचा इन्फ्लिबनेट हा कार्यक्रम हाती घेतला. आरंभी तो पुण्याच्या आयुका या खगोलविज्ञान-केंद्राच्या आश्रयाने चालला, ही महाराष्ट्राच्या दृष्टीने स्मरणीय गोष्ट आहे. आयुकाची स्थापना १९८८ मधील असून कोल्हापूर येथे जन्मलेले डॉ. जयंत नारळीकर हे तिचे संस्थापक संचालक होत. अनेक विद्यापीठांनी एकाच केंद्राची महागडी साधने वाटून घ्यावीत, ही आंतरविद्यापीठीय केंद्राची कल्पना दुर्बिणीकडून ग्रंथसूचीकडे वळली ती अशी. १९९६ मध्ये इन्फ्लिबनेट स्वतंत्र आंतरविद्यापीठीय केंद्र झाले. त्याचे ठाणे प्रथम अहमदाबाद येथे गुजरात विद्यापीठाच्या आवारात होते. पुढे ते गांधीनगर येथे गेले.

या केंद्राने २००० मध्ये ‘सोल’ ही ग्रंथालय-आज्ञावली प्रसिद्ध केली. हे नाव ज्या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून बनले त्यांचा अर्थ ‘विद्यापीठ-ग्रंथालयांसाठी आज्ञावली’ असा होतो. नावातच पहिला पात्र वाचक कोण हे सूचित झाले आहे. महाविद्यालयांसाठी तिची निराळी आवृत्तीही निघाली, आणि पुष्कळ महाविद्यालयांनी ती घेतली. खाजगी आज्ञावलींच्या तुलनेने तिची किंमत माफक होती, हे निःशंकपणे मान्य केले पाहिजे. परंतु पहिल्या सोलच्या खाली मायक्रोसॉफ्ट कंपनीची विदा-साठवण प्रणाली आवश्यक असे. तिचा परवाना स्वतंत्र होता. बर्कलीच्या फितीस जसा ए टी अँड टीचा परवाना आधी लागे, तसाच प्रकार येथे निराळ्या वेषात पुन्हा दिसतो. सार्वजनिक संस्थेने सार्वजनिक संस्थेस दिलेल्या वस्तूच्या तळाशी खाजगी परवाना होता. २००९ मध्ये आलेल्या दुसऱ्या आवृत्तीत मायएसक्यूएल या खुल्या प्रणालीचाही पर्याय देण्यात आला, आणि ही अडचण बरीच हलकी झाली. ही सुधारणा लहान दिसते. पण ज्या महाविद्यालयाची वर्षाची ग्रंथखरेदीच मोजक्या हजारांची, त्याच्यासाठी ती आज्ञावलीच्या किमतीतील सवलतीपेक्षा मोठी होती. सोलची मूळ संहिता मात्र घेणाऱ्या ग्रंथालयांसाठी खुली करण्यात आली नाही.

६

आज्ञावलीबरोबरच नियतकालिकांच्या सामूहिक वर्गणीचे करार येतात. हेही परवानेच होत, आणि त्यांच्या तारखा क्रमाने मांडल्या असता एक वृत्ती दृग्गोचर होते.

यूजीसी-इन्फोनेट या संघाचे उद्घाटन डिसेंबर २००३ मध्ये राष्ट्रपती डॉ. अब्दुल कलाम यांच्या हस्ते झाले, आणि २००४ पासून विद्यापीठांस इलेक्ट्रॉनिक नियतकालिके मिळू लागली. संलग्न महाविद्यालये त्यात नव्हती. त्यांच्यासाठी एन-लिस्ट ही योजना मे २०१० मध्ये सुरू झाली. तीत आयोगाच्या कायद्याच्या कलम २(फ) व १२(ब) खाली येणारी शासकीय व अनुदानित महाविद्यालये पात्र ठरली. म्हणजे कोल्हापूरच्या विद्यापीठ-आवारात जी गोष्ट २००४ मध्ये शक्य झाली, तिचा काही अंश त्याच विद्यापीठाशी संलग्न असलेल्या ग्रामीण महाविद्यालयाकडे येण्यास सहा वर्षे लागली. २०१५ मध्ये या योजना ई-शोधसिंधू या नावाखाली एकत्र आल्या.

नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ या योजनेस संमती दिली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी सुमारे ६,००० कोटी रुपये, तीस प्रकाशक, जवळजवळ १३,००० नियतकालिके आणि ६,३०० हून अधिक संस्था, असा तिचा विस्तार आहे. एवढी मोठी वाटाघाट भारतात या क्षेत्रात पूर्वी झाली नव्हती. परंतु तिची पात्रता-कक्षा केंद्र व राज्य शासनांच्या व्यवस्थापनाखालील उच्च शिक्षणसंस्था आणि केंद्राच्या संशोधनसंस्था अशी आखण्यात आली. पश्चिम महाराष्ट्रात उच्च शिक्षणाचा प्रसार शासनाने स्वतः महाविद्यालये काढून फारसा केला नाही. रयत शिक्षण संस्थेसारख्या, भारती विद्यापीठासारख्या शिक्षणसंस्थांनी तो केला. १९६४ मध्ये भारती विद्यापीठ स्थापन करणारे डॉ. पतंगराव कदम कडेगाव तालुक्यातील सोनसळचे. या संस्थांच्या महाविद्यालयांत अनुदान शासनाचे, अभ्यासक्रम व परीक्षा सार्वजनिक विद्यापीठाच्या, परंतु व्यवस्थापन संस्थेचे, अशी रचना आढळते. ‘व्यवस्थापन’ हा एक शब्द पात्रतेची कसोटी ठरला की, अशी महाविद्यालये कक्षेच्या बाहेर पडतात. तेथील विद्यार्थी ज्या विद्यापीठाची पदवी घेतो ते कक्षेच्या आत असते, आणि तो स्वतः बाहेर.

याच्या उलट शोधगंगेचे उदाहरण ठेवून पाहावे. पीएच. डी.चे प्रबंध इलेक्ट्रॉनिक रूपात सादर करावेत असे आयोगाच्या २००९ च्या विनियमांनी ठरविले, आणि विद्यापीठांनी इन्फ्लिबनेटशी सामंजस्य करार करून आपले प्रबंध या भांडारात ठेवण्यास आरंभ केला. हे भांडार डीस्पेस या आज्ञावलीवर चालते. ती एमआयटीच्या ग्रंथालयांनी ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीच्या सहकार्याने विकसित करून २००२ मध्ये, बर्कलीच्या परंपरेतील उदार परवान्यावर, सर्वांस खुली केली होती. या करारांत वाचकाच्या पात्रतेचे कलमच नाही. परिणाम असा की, शोधगंगेत प्रबंध खुला झाला की तो कोल्हापूरच्या प्राध्यापकास आणि कडेगावच्या विद्यार्थिनीस एकाच क्षणी उपलब्ध होतो. येथे टेल उरत नाही. पात्रतेचे कलम लिहिले तेथे टोकाचा वाचक सहा वर्षे थांबला किंवा बाहेर राहिला; ते लिहिले नाही तेथे तो थांबला नाही. या तुलनेतून निघणारा निष्कर्ष प्रस्तुत लेखाचा मध्यवर्ती निष्कर्ष आहे.

७

तिसरा प्रश्न संबंधविच्छेदाचा. करार करताना तो अशुभ वाटतो म्हणून टाळला जातो. तरीही आज्ञावली बदलण्याची वेळ प्रत्येक ग्रंथालयावर केव्हातरी येतेच. त्या वेळी आज्ञावली गेली तरी हानी मर्यादित असते. तीत अनेक वर्षे भरलेल्या ग्रंथनोंदी अडकल्या तर हानी अपरिमित होते. नोंद करणे हे ग्रंथपालाचे श्रम आहेत. ते ग्रंथालयाच्या मालकीचे आहेत, हे तत्त्वतः कोणी नाकारीत नाही. परंतु त्या नोंदी प्रमाण विनिमय-रूपात, विनाशुल्क आणि ठराविक मुदतीत परत मिळतील असे लेखी नसेल, तर तत्त्व ग्रंथपालाच्या हाती काहीच देत नाही.

मराठी ग्रंथालयांस या बाबतीत एक अधिक संकट होते. भारतीय लिप्यांसाठी १९९१ मध्ये इस्की हे मानक ठरले होते, आणि पुण्याच्या सी-डॅक या संस्थेने भारतीय लिप्यांवर मोठे कार्य केले होते. तथापि युनिकोड रूढ होण्यापूर्वी व्यवहारात बहुतेकांनी निरनिराळ्या कंपन्यांचे टंक वापरले. प्रत्येकाचे अक्षरसंकेत निराळे होते. पडद्यावर ‘ज्ञानेश्वरी’ असे सुबक दिसे. पण टंक नसलेल्या यंत्रावर त्याच नोंदीची निरर्थक चिन्हे होत. अशा नोंदी नव्या प्रणालीत नेल्या तरी त्यांत शोध घेता येत नाही. इंग्रजी ग्रंथांची सूची स्थलांतरात टिकते आणि मराठी ग्रंथांची नष्ट होते. कडेगावसारख्या ठिकाणी, जेथे संग्रहातील मोठा भाग मराठी पुस्तकांचा असतो, तेथे हा प्रश्न तांत्रिक राहत नाही. कपाटात असलेले पुस्तक सूचीत नसेल, तर नव्या वाचकाच्या लेखी ते नाहीच. लिपीचे संकेत सर्वमान्य मानकानुसार असावेत, हे एक वाक्य जर त्या काळच्या परवान्यांत घातले गेले असते, तर पुष्कळ ग्रंथपालांचे पुनर्लेखनाचे श्रम वाचले असते.

८

या विवेचनावर एक आक्षेप संभवतो, आणि तो वजनदार आहे. महाविद्यालयांची संख्या हजारांनी मोजावी लागते. प्रत्येकाने स्वतंत्र वाटाघाट करावी म्हटले तर कोणासच बळ उरणार नाही. केंद्रीय संस्थेने सर्वांच्या वतीने सौदा केला म्हणूनच किंमत खाली आली. शिवाय प्रकाशक वा कंपनी पात्रतेची कक्षा जितकी रुंद, तितकी किंमत अधिक मागणार. मर्यादित निधीत कोठेतरी रेषा ओढावीच लागते.

हे सर्व सत्य आहे. एकत्र सौदा नको, असे प्रस्तुत लेखाचे म्हणणे नाही. ज्याच्या नावाने सौदा होतो त्याची व्याख्या सौद्यापूर्वी झाली पाहिजे, एवढेच म्हणणे आहे. कोष्टकातील किंमत आधी ठरवून मग ‘संस्था’ या शब्दाचा अर्थ लावला, तर तो अर्थ नेहमी अरुंदच निघतो. विद्यापीठ म्हणजे आवारातील विभाग की संलग्न महाविद्यालयांसह सारे कुटुंब, याचे उत्तर परीक्षा-शुल्क घेताना एक आणि परवाना घेताना दुसरे असू नये. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमाने ग्रंथालयाच्या जागी ज्ञानस्रोत केंद्र ही व्यापक कल्पना आणली. ते केंद्र कोणाकोणाचे, हेही तितक्याच व्यापकतेने वाचले गेले पाहिजे.

एकत्र येण्याचा अनुभव महाराष्ट्रातील विद्यापीठांस नाही असेही नाही. २००१ मध्ये पुणे येथे स्थापन झालेल्या महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन या कंपनीच्या भागधारकांत राज्य शासनाबरोबर राज्यातील विद्यापीठेही आहेत. अशा रचनेत विद्यापीठ हे पुरवठादाराचे अंशतः मालकही होते आणि ग्राहकही. दोन्ही बाजूंस आपणच असल्याच्या भावनेने कराराची कलमे सैल राहण्याचा संभव असतो. परंतु मनात आणले तर हीच रचना उत्तम कलमे घालून घेण्याची संधीही ठरते. साकाईच्या वेळी ज्या विद्यापीठांनी पेटंटचे एक वाक्य बदलण्यासाठी एकत्र विचार केला, त्यांच्याजवळ आपल्याजवळ नाही असे काही अलौकिक सामर्थ्य नव्हते. आपणास कोणते वाक्य बदलावयाचे आहे, हे त्यांनी आधी निश्चित केले होते, इतकेच.

आपल्या दृष्टीने अशी तीन वाक्ये आहेत. पहिले, सार्वजनिक विद्यापीठाने घेतलेला वा दिलेला परवाना त्याच्या संलग्न महाविद्यालयांतील वाचकांस, व्यवस्थापन कोणाचे हे न पाहता, लागू असावा. दुसरे, सार्वजनिक द्रव्यातून निर्माण झालेल्या आज्ञावलीची मूळ संहिता घेणाऱ्या संस्थेस पाहता यावी, आणि तिच्या तळाशी दुसरा सशुल्क परवाना लपलेला नसावा. तिसरे, संबंध संपताना ग्रंथालयाच्या सर्व नोंदी, मराठीसह, प्रमाण रूपात परत मिळाव्यात. यांपैकी एकही मागणी अभूतपूर्व नाही. पहिलीचे फळ शोधगंगेत दिसते, दुसरीचे बर्कलीच्या संचांत, आणि तिसरीची सोय सीडीएस-आयसिसमध्ये होती.

शिवाजी विद्यापीठाच्या स्थापनेने १९६२ मध्ये कडेगाव आणि विद्यापीठ यांतील रस्त्याचे अंतर कमी केले. कलमांनी निर्माण केलेले अंतर मात्र रस्त्याने तुटत नाही. ते कलमांनीच तोडावे लागते. पुढील परवान्याचा मसुदा विद्यापीठाच्या मेजावर येईल तेव्हा किमतीच्या पानापूर्वी व्याख्येचे पान उघडले जावे, आणि त्यात संलग्न महाविद्यालयातील वाचक कोठे बसतो हे पाहूनच सही व्हावी.